शिवपुत्रचा भोंगा आणि कुलदीपचे पाय

धुरपदाबाईंच्या दारात ऐन देवीच्या दुखण्यात बेंजो वाजला, तो माझ्या अंगठ्यामुळे. वाजायचं होतं आरोग्य केंद्राचं निवेदन. ते मीच लिहिलेलं, मीच घसा खाकरून रेकॉर्ड केलेलं. पण शिवपुत्रच्या पेन ड्राइव्हमध्ये माझ्या निवेदनाला खेटूनच कुणाच्या तरी हळदीतला बेंजो राहत होता. बटण एकदा दाबायचं ते मी दोनदा दाबलं. ज्या दाराला कडुलिंबाचे डहाळे खोचलेले, ज्या घरात फोडणीसुद्धा बंद, त्या दारासमोर भोंगा वऱ्हाडासारखा खिदळायला लागला.

गल्लीतली पोरं कुठून कुठून धावत आली आणि नाचायला लागली. धुरपदाबाई केरसुणी घेऊन उंबऱ्यावर आल्या. मला बंद करायचं बटण सापडेना. सापडलं त्यानं आवाज वाढला.

शेवटी शिवपुत्रनं वायर उपटली. मग जे काही ऐकायला आलं ते भोंग्याशिवायही पार हायवेवरच्या धाब्यापर्यंत गेलं असणार. माझ्या घरी देवी आलीय, नातू तापानं फणफणलाय, आणि तुम्ही शिकलेली माणसं दारात तमाशा लावता, असा त्याचा मतलब. सगळ्या वरातीत गुरुजी मीच असल्यामुळे शिकलेल्या माणसाचा वाटा एकट्यानं घ्यावा लागला. पुन्हा या दाराशी आलात तर बघा, असं बजावून त्यांनी दार लोटून घेतलं.

आता शिवपुत्र म्हणजे कोण, ते सांगतो. आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडचं, आणि शिवपुत्र ही गावाची आकाशवाणी. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय वाळक्या काठीसारखा राहिला. तीन चाकी स्कूटर आहे, तिच्या कपाळावर भोंगा. हरवलेली शेळी, टँकरची वेळ, रेशनचा गहू, कुणाचं मयत, सगळं गावाला त्याच्याकडून कळतं. मयताचं सांगताना आवाज असा खाली आणतो, की ज्याचं मेलेल्याशी भांडण होतं तोही टोपी काढतो. बायको लक्ष्मम्मा कर्नाटकातल्या आळंदकडची. तिच्याशी भांडण कानडीत, समेट मराठीत. गळ्यात लिंग, तोंडात सुपारी आणि मनात आलं की थट्टा. मी निवृत्त झालो तेव्हा यानं भोंग्यावरून सांगितलं होतं, की गुरुजींच्या तावडीतून गावची पोरं सुटली, पालकांनी आपापली व्यवस्था बघावी.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र त्याची थट्टा कमी झाली होती. घरोघर पोरांना ताप, जुलाब. मग तळहातांवर, तोंडात पुरळ. गाव म्हणालं, देवी आली. दारोदार कडुलिंब लागला. तेवढ्यात खबर आली, की वरच्या वस्तीवरचं एक पोर सकाळी उठलं ते उभंच राहीना. मग धाब्यामागच्या झोपडीतलं एक. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि मला म्हणाल्या, गुरुजी, लोकांना समजेल असं काहीतरी लिहून द्या. मी लिहिलं, ‘नागरिकांनो, बालकाच्या अवयवांत अकस्मात शैथिल्य आढळल्यास’. शिवपुत्रनं ते ऐकून एवढंच विचारलं होतं, की हे शैथिल्य कुणाच्या गावचं.

तर धुरपदाबाईंच्या दारातून आम्ही निघालो. मी पाठीमागं बसून, झालेल्या शोभेवर हसू आणायचा प्रयत्न करत होतो. पाराशी शिवपुत्रनं स्कूटर थांबवली, पण उतरला नाही.

“गुरुजी, कुलदीप नाचला न्हाय.”

कुलदीप म्हणजे धुरपदाबाईंचा नातू, चार वर्षांचा. बेंजो कुठंही वाजो, चड्डी सावरत सगळ्यात पुढं तोच. मी म्हणालो, अरे, अंगात ताप, त्यात देवी, तो काय नाचणार.

“हात नाचवत हुता. म्हातारी भाइर आली तवा दार उघडं हुतं, म्या बघितलं. वाकळंवर पडून हसत हुता, दोनी हात वर करून नाचवत हुता. पाय हलले न्हाईत.”

मी केरसुणी बघत होतो. त्यामुळे मला दुसरं काही दिसलं नव्हतं.

मग त्यानं स्वतःचं सांगितलं. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण पायाचा विषय त्यानं नेहमी विनोदावर नेलेला. त्या दिवशी विनोद नव्हता. तो लहान असताना त्यालाही आधी पुरळच आलं होतं. देवी आली म्हणून आईनं दारं लावून घेतली, कडुलिंब खोचला, पोराला मऊ वाकळंवर निजवलं. देवीचं पोर निजूनच असतं, त्यामुळं ते का उठत नाही असं कुणी विचारलं नाही. देवी बोळवायच्या दिवशी दहीभाताचा निवद ठेवला आणि पाया पडायला त्याला उभं केलं. तो खाली बसला. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसला.

“आई आधी हसली,” शिवपुत्र म्हणाला. “तिला वाटलं, म्या नखरा करतोय.”

एका दुखण्याच्या पदराआड दुसरं कधी घरात शिरलं, ते कुणाला दिसलंच नव्हतं.

त्यानं स्कूटर वळवली. मी म्हणालो, अरे, आत्ताच तर त्यांनी बजावलंय, डॉक्टरीणबाईंना घेऊन जाऊ. तो म्हणाला, बाईंना ती दारात उभं करणार न्हाय, देवी कोपती म्हणंल. फोन मात्र करून ठेवा. मी फोन केला. घाईत आधी तो रॉकेलवाल्याला लागला.

धुरपदाबाईंच्या दाराशी शिवपुत्र कुबडी टेकत उतरला आणि उंबऱ्याबाहेर, मातीत बसला. आत पाऊल टाकलं नाही. भोंग्याबद्दल माफी मागितली, ती माझ्या वाटणीचीही. देवीला बोल लावला नाही, दवाखान्याचं नाव काढलं नाही. धुरपदाबाई दाराच्या फटीतून ऐकत होत्या.

“आत्या, एवढा गलका झाला दारात. पोराला उभं करून देवीच्या पाया पडू द्या. त्याच्या पायावर उभं ऱ्हाऊन. मंग आमी जातो.”

यात नाही म्हणण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. त्यांनी दार उघडलं आणि कुलदीपला काखेत धरून देव्हाऱ्यासमोर आणलं. पोराच्या तळहातांवर लाल फोड, ओठांवर दह्याचा पांढरा ओघळ. माझ्याकडे बघून हसलं, बेंजोवाला म्हणून. धुरपदाबाईंनी त्याला उभं केलं आणि हात काढून घेतले.

दोरीवरून ओलं धोतर घसरावं तसं पोर खाली आलं.

“लाडात आलाय,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा उभं केलं.

शिवपुत्रनं मान खाली घातली. कुलदीप पुन्हा खाली आला. या वेळी त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं. आजीला काही सांगायला गेला तर आवाज नाकातून, बारीक आला. देव्हाऱ्यातला दिवा तेवढा तडतडत होता.

धुरपदाबाई उठल्या. दाराचे डहाळे त्यांनी स्वतःच्या हातानं उपटले, अंगणात ठेवले, आणि पोराला घेऊन थेट शिवपुत्रच्या स्कूटरवर बसल्या. मला चालत यावं लागलं. आरोग्य केंद्रावर पोचलो तोवर ॲम्बुलन्स सोलापूरला निघाली होती.

सोलापूरच्या दवाखान्यात त्याला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. लुळेपणा छातीपर्यंत चढला होता. आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. शौचाचा नमुना तपासायला गेला. पुढं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पोलिओ नाही, पण एकाच पोरात दोन निराळे विषाणू सापडलेत. एकानं पुरळ आणलं असेल. पाय कुणी नेले, त्यानंच की दुसऱ्यानं, की दोघांनी मिळून, हे आज छातीठोक सांगता येत नाही. मी म्हणालो, म्हणजे चोर दोन आणि चोरी एक. त्या हसल्या नाहीत. वाशी तालुक्यातूनही अशाच एका पोराबद्दल फोन आला होता, म्हणाल्या.

कुलदीप मशीनवरून सुटलाय. श्वास त्याचा तो घेतो. पायाचा अंगठा हलतो म्हणतात, धुरपदाबाई म्हणतात हलतो, नर्स म्हणते बघू.

माझं निवेदन शिवपुत्रनं पुसून टाकलं. आता तो रोज सकाळी गल्लीगल्लीतून फिरतो आणि एकच सांगतो, की देवी असू द्या, ताप असू द्या, पोराला उठल्या उठल्या जमिनीवर उभं करून बघा. काही घरांतून शिव्या येतात. एकानं भोंग्यावर दगड मारला, त्यामुळं तो आता थोडा बोबडा बोलतो. शिवपुत्र म्हणतो, गुरुजींच्या शैथिल्यापरीस बोबडं बरं.

आज सकाळी तो आमच्या दारावरून गेला. माझी नात अर्पिता, अडीच वर्षांची, भोंगा ऐकला की ओसरीवर येऊन त्याला टाटा करते. आज आली नाही. परवा तिच्या तळहातांवर पुरळ दिसलं होतं. सूनबाई सोनाली म्हणाली, उष्णता असेल. मीही म्हणालो, असेल. काल पोट बिघडलं, ते आंब्याच्या लोणच्यानं असेल. आत्ता गोधडीवर पडून आहे, छताकडे बघतेय, गोष्ट सांगितली तर हसते. झोप पुरी झाली नसेल. मी दोनदा खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

म्हणून शिवपुत्रला फोन लावला. आधी त्याच्या बोबड्या भोंग्याची चौकशी केली. मग लक्ष्मम्माची. मग म्हणालो, बाबा रे, सहज विचारतो, नुसतं पुरळ असलं तर काळजीचं काही नसतं ना, संध्याकाळपर्यंत वाट बघितली तर चालेल ना, उगाच पोरीला आत्ता उठवायचं म्हणजे.

“फोन ठिवा अन् पोरीला उभं करा.”