उलटी चूल

अकोल्यापासून बंडीनं एका दिवसाच्या वाटेवर आमचं वावर होतं. पानी मातर अर्ध्या कोसावर, नाल्यात. रोज चार खेपा, डोक्यावर गुंड अन् कंबरेवर घागर. त्या सालात साऱ्या वऱ्हाडाले कापसाचं याड लागलं होतं. सायबाच्या मुलखापल्याड कुठीतरी लढाई जुंपली, म्हून आमच्या पऱ्हाटीले सोन्याचा भाव आला, असं लोकं सांगत. मले त्याचं काय? मले इहीर पायजे होती.

नवऱ्याचं मन वावरातून उठलं होतं. अकोल्याले कापसाच्या गाठी दाबाचा पेच बसून राह्यला होता, तथी कामाले जाऊ म्हने. मी म्हनलं, "आधी इहीर खोदा. पानी नाही लागलं, तर तुमी न्याल तथी येईन. हूं का चूं करनार नाही."

"शब्द?" तो म्हने.

"शब्द," मी म्हनलं.

खोदाले एक बुढा लावला. त्यानं सहा पुरुस खोल काळा दगड फोडला. दुपारी तो माह्या चुलीपाशी भाकर खाले बसे. एक दिवस त्यानं चुलीखालची माती नखानं उकरली.

"पाय माय, माती काळी होती. जाळ लागला, लाल झाली, टनक झाली. खाली बी तसंच हाये. हा काळा दगड कधीकाळी आगीवानी वाहत आला अन् मातीवर पसरला. खालची माती भाजून लाल दगड झाली. तो लाल दगड लागला का समज, पानी आलं."

मले हासूच आलं. "म्हंजे जाळ वर अन् माती खाली? उलटी चूल! मंग सैपाक कोनाचा होता, बाबा?"

"सैपाक म्या नाही खाल्ला," बुढा म्हने, "पन पानी लय इहिरीचं पेलो."

हासली खरी, पन तवापासून वर येनारं एक एक टोपलं मी चाळून पाहे. काळा, काळा, काळाच.

मंग वेचनीचे दिवस आले. पाच दिवस मी धुऱ्यापल्याडच्या वावरात कापूस वेचाले होती. सहाव्या दिवसी इहिरीवर आली, तर काम बंद. बुढा नाही. नवरा एकटाच काठावर बसलेला.

"काहून जी? बुढा कुठी गेला?"

"त्यानं हात टेकले. खाली नुसता काळा दगड हाये."

मी वाकून पाह्यलं. तळाले काळे धोंडेच होते. मी तथीच बसली अन् मोठ्यानं रडली. त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला, म्हने, "जाऊ दे, आपल्या नशिबात नाही." त्या दिवसी जन्मात पयल्यांदा त्यानं नाल्यावरून गुंड भरून आनला. माय व! मले काय भरून आलं! वाटलं, पानी नाही भेटलं तं नाही, मानूस तं भेटला.

शब्द देल्ला होता. वावर चुलत दिराले देऊन टाकलं अन् आमी अकोल्याले आलो. पेचाच्या मांगं एक खोली होती. अन्नात कापूस, अंथरुनात कापूस. वरसभर मी तोंडातून शब्द काढला नाही.

मंग एका बजाराच्या दिवसी तो बुढा भेटला.

"अवं माय, तू अथी कशी? भरली इहीर सोडून?"

"कोन्ती इहीर? काळ्या दगडाची?"

बुढा म्हने, "काळा कायचा? म्या सोताच्या हातानं लाल दगड तुह्या मालकाच्या हातात देल्ला. तो म्हने, आज पुरे, बाकीचं मंग पाहू. पुढं तुह्या दिरानं मले बलावलं. कोन जाने कोनी, वरून काळे धोंडे टाकले होते. ते काढले, दोन हात खोदलं. पानी असं आलं, का माही पहार बुडाली."

केसानं गळा कापला व माहा! ज्या धोंड्यांकडं पाहून मी रडली, ते त्यानं टाकले होते. अन् त्याच हातानं मले कुरवाळलं. बजार तसाच सोडून मी घरी आली. तो बाजेवर बसला होता.

"लाल दगड लागला होता?"

त्यानं दुसऱ्यांदा खोटं नाही सांगतलं. "लागला होता."

"मंग?"

"सांगतलं असतं, तं तू आली असती का?"

"नाही."

"म्हून," तो म्हने.

बस, इतकंच. मले मारून, ओढून आनलं असतं, तं मी शिव्या देऊन मोकळी झाली असती. त्यानं माहा खरेपना वापरला. परत जाऊ म्हनलं तं कुठी जाऊ? वावर दिराचं झालं होतं, पानी बी त्याच्याच बायकोचं. मी चूल पेटवली, भाकरी टाकल्या, त्याले वाढल्या. वरसभर तो जेवताना मान खाली घालून बसे, ते मले कामाचा थकवा वाटे. त्या दिवसी त्यानं मान वर केली, माह्याकडं पाह्यलं अन् दोन भाकरी जास्त खाल्ल्या.