शेपूटताईंचा सल्ला

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती बावीस वर्षं काम करत होती. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे, ती मेणात एकेक दात बसवायची, घासून चकाकी आणायची. हात असा स्थिर की मालकसुद्धा अवघड काम तिच्याच टेबलावर ठेवायचे. जेवणाच्या सुट्टीत मात्र डब्याआधी तिचा फोन उघडायचा, कारण फोनमध्ये तिची विमानं होती.

त्या खेळात सुटे भाग जोडून विमान बनवायचं आणि उडवून बघायचं. पंख हवे तसे वाकवायचे, रंगवायचे, वजन इकडचं तिकडे करायचं. खेळणाऱ्यांचा मोठा गट होता आणि तिथे जो तो आपल्या युक्त्या सांगायचा. विमान कुणाचंही असो, ही आधी शेपूट बघायची, म्हणून गटात तिला शेपूटताई हे नाव पडलं. नवरा म्हणायचा, "घराबाहेर पडलं की रस्ता मला विचारतेस, आणि तिकडे लोकांना विमानं शिकवतेस."

गटात भोवरा नावाचा एक जण होता. त्याचे प्रश्न संपत नसत. नाक खाली का झुकतं, पंख किती रुंद हवेत, वजन कुठे ठेवू. तिला शिकवायला आवडायचं. "शेपूट आखूड करा, वजन थोडं मागे सरकवा," तिने त्याला लिहिलं होतं. "लोण्यात सुरी फिरावी तसं वळेल."

एका शुक्रवारी दुपारी त्याने फोटो टाकला. तो खेळातला नव्हता. गाडी ठेवायच्या खोलीत ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा उभा होता, त्यावर ताणलेलं निळं कापड, मधोमध खुर्ची. शेपूट आखूड. खाली लिहिलं होतं, "शेपूटताईंच्या कृपेने तयार. रविवारी सकाळी टेकडीवरून."

गटातल्या लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली. तिने मात्र न उघडलेला डबा बाजूला सारला. खेळातली हवा सपाट असते, झुळूक कधी येत नाही. आणि विमान आपटलं की एक बटण दाबायचं, ते पुन्हा उभं राहतं.

तिने लगेच लिहिलं, "यात बसू नका. ती युक्ती फक्त खेळापुरती आहे." उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तासाभराने आणखी एकदा. समोरच्या कवळीत तिने पुढचे दोन दात उलटसुलट बसवले. मालकांनी ती हातात घेतली, बघितली आणि परत तिच्यापुढे ठेवली. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

"तो मोठा माणूस आहे, तू काय त्याची आई आहेस?" घरी नवरा म्हणाला.

"सांगितलं मी. केलं त्याने," ती म्हणाली. तिने ताट तसंच सरकवून ठेवलं.

शनिवारी सकाळी तिने तो फोटो मोठा करून कोपरान् कोपरा पाहिला. मागच्या भिंतीवर एक दिनदर्शिका होती आणि तिच्या तळाशी एका लाकडाच्या वखारीचा फोन नंबर होता. शेवटचे दोन आकडे नळीआड गेले होते. ती एकेक आकडा बदलून फोन लावत बसली. कुणी झोपेतून उठलं, कुणी चिडलं. सतराव्या वेळी वखारवाला लागला.

"निळं कापड? खुर्ची?" तो म्हणाला. "अहो, तो कुलूपवाला. चाव्या बनवतो. परवाच खुर्चीखालच्या फळ्या पोचवायला गेलो, तेव्हा बघितलं. थांबा, त्याच्या घरचा नंबर देतो."

घरी फोन बायकोने उचलला. हिने धांदलीत सगळं सांगितलं.

"मला म्हणाला, कपडे वाळत घालायला मांडव करतोय," बायको म्हणाली. "ताई, तुम्ही कोण?"

"त्याला चुकीचं शिकवणारी मीच," ती म्हणाली.

संध्याकाळी कुलूपवाल्याचा फोन आला. आवाज तापलेला होता. "चुगली करायची काय गरज होती? मला सांगायचं ना."

"तीन वेळा लिहिलं. तुम्ही वाचलं नाही."

"तुमची चाळीस विमानं उडताना बघितली आहेत मी."

"मी स्टुलावर चढून बल्ब बदलत नाही हो," ती म्हणाली. "मला भीती वाटते. त्या चाळीसांपैकी एकातही कुणी बसलेलं नव्हतं. एवढंच करा. उद्या खुर्चीत वाळूची पोती बांधा, तुमच्या वजनाइतकी. ती नीट उतरली तर पुढच्या वेळी तुम्ही बसा. मग मी तोंड उघडणार नाही."

त्याने फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी ती सहालाच उठली. ओटा दोनदा पुसला. आठ वाजले, नऊ वाजले. नवऱ्याने चहा पुढे ठेवला आणि तो तिच्याशेजारी बसून राहिला. फोन वाजला तेव्हा तिच्या बोटांना हिरवं बटण सापडेना, शेवटी त्यानेच ते दाबलं.

बायकोचा आवाज होता. "पोती बसवली होती. ढकललं, तसं पहिल्यांदा छान गेलं. मग वारा आला. नाक सरळ आभाळाकडे झालं, आणि ते पाठीवर पडलं. खुर्ची जमिनीत गेली, ताई. हा खाली गवतात बसलाय."

"त्याला बसू दे," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

त्या आठवड्यात तिने गटातले आपले जुने सल्ले उघडले. दोनशेहून अधिक निघाले. प्रत्येकाच्या वर तिने लिहिलं की हे खऱ्या विमानाला लागू नाही. काही जण हसले, एकाने विचारलं की आता कवळ्यांवरही सूचना लिहिणार का. भोवरा गटात परत आला नाही. ती रोज त्याचं नाव शोधायची.

तीन महिन्यांनी त्याच्या बायकोचा निरोप आला. तो बरा आहे, दुकानात जातो, आता होडी करायला घेतली आहे.

तिने तो निरोप नवऱ्याला वाचून दाखवला. मग लगेच फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, त्याला पोहता येतं का.