सासऱ्यांचा चंद्र

चंद्राचं कौतुक करणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण चंद्राची चौकशी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. शाहूपुरीत त्यांची गुळाची पेढी होती. घर जैनांचं, त्यामुळे जेवणं दिवस मावळायच्या आत उरकत आणि पुढे अख्खी संध्याकाळ मोकळी राही. इतर व्यापारी ती गप्पांत घालवत, सासरे चंद्राला देत. संस्थान विलीन झालं त्या सुमारास एका सरदारांच्या घरी सामानाचा लिलाव होता. तिथे कपाट आणायला गेलेले सासरे पितळी दुर्बीण घेऊन परतले. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "ह्यात कापडं कशी ठेवायची?" ती घेऊन ते थेट गच्चीवर गेले, ते मनानं पुन्हा कधी खाली आलेच नाहीत.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे, म्हणून मला ते 'मास्तर' म्हणत. घरात पाऊल टाकलं की चहाच्या आधी प्रश्न येई. चंद्रावरच्या काळ्या डागांना समुद्र म्हणतात, पण तिथे पाण्याचा थेंब नाही, हे ऐकून ते व्यापारी म्हणून दुखावले. "पाणी न्हाई तर समुद्र म्हणून खपवायचं कशाला?" चंद्र पृथ्वीतूनच तुटून गेला असावा आणि तो खड्डा म्हणजे पॅसिफिक महासागर, असं काही शास्त्रज्ञ मानतात, हे मी एकदा बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी ते पेढीवर आलेल्या चंदगडच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायचं सोडून समुद्राची खोली विचारत होते. तो गोंधळला, तर म्हणाले, "तुमच्याकडं पाऊस लई, म्हणून इचारलं."

चंद्रावरच्या खड्ड्यांवरून मात्र आमचं खरं वाजलं. ते बाहेरून दगड आदळून पडले असावेत, असं मला वाटे. शास्त्रज्ञांचंही तेव्हा एकमत नव्हतं. सासरे म्हणत, "चंद्र एकेकाळी उकळत हुता न्हवं? मग काहिलीत गुळाचं बुडबुडं फुटत्यात, तसंच झालं असणार की." निकाल लावायला ते मला गडमुडशिंगीच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेले. एका काहिलीचा सगळा गूळ त्यांनी आधीच विकत घेऊन ठेवला होता. तो निवायला वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतला तेव्हा बुडबुडे फुटून खळगे पडले, आणि बघता बघता बुजले. सासरे थांबले. गूळ आळू लागला तसा त्यांनी खिशातून एक गोटा काढून हाणला. उंच कड असलेला खळगा पडला आणि तसाच राहिला. मग आणखी गोटे. गूळ करणारा गुळव्या काकुळतीनं म्हणाला, "मालक, गुळाचं काय चुकलं?"

 परतताना बैलगाडीत ते म्हणाले, "मास्तर, तुमचं खरं दिसतंय." भावात तसूभर न हटणाऱ्या या माणसानं स्वतःचं मत इतक्या सहज सोडलं, की जिंकल्याचा आनंद मला घेताच आला नाही.

पुढे काचबिंदूनं त्यांची नजर गेली. त्यांनी कुरकुर केली नाही. माझी बायको माहेरी गेली की तिला गच्चीवर दुर्बिणीपाशी बसवून ते विचारत, "उजेडाची कड कुठवर आली गं?" हुरहूर एकच होती. चंद्र आपल्याला सदा एकच बाजू दाखवतो. "एकदा त्याची पाठ बघायला पायजे हुती," ते म्हणत.

एकोणसाठच्या दिवाळीच्या तोंडावर, रशियाच्या यानानं काढलेलं त्या मागच्या बाजूचं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं. ते घेऊन आम्ही दोघं शाहूपुरीत गेलो. जेवणं नुकतीच झाली होती. बायकोनं त्यांचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोटानं चंद्र काढला.

"आप्पा, हिकडं डाग लई कमी हायत. हा वर एक. खाली एक बारका."

"आणि खड्डं?"

"असतील. चित्र धुरकट हाय."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "परत काढ. सावकाश."

ती पुन्हा काढू लागली. बाहेर अंधार पडत गेला, आणि दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही.