अक्काची बोली विकणारा

टीव्हीवर तो दिसला की मी चॅनल बदलतो. बायको म्हणते, "तुमचाच मित्र ना?" मित्र कसला? जळगावच्या कॉलेजात एका एकांकिकेत आम्ही बरोबर काम केलं होतं, एवढंच.

धुळ्याजवळच्या खेड्यातून तो आला होता. आई लहानपणीच गेलेली. मोठ्या बहिणीने, अक्काने, वाढवलेला. मेसमध्ये कुणी अहिराणीत बोललं की हा नाक मुरडायचा. एकदा अक्का कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन होस्टेलवर आली. त्याने डबा घेतला, तिला फाटकातूनच वाटेला लावलं आणि आम्हाला सांगितलं, "गावाकडची बाई आहे ओळखीची." दोघांचं नाक-कपाळ इतकं सारखं होतं, की आम्ही पुढे विचारलंही नाही.

मग मुंबई. काही वर्षं मालिकांमध्ये चहा आणून देणाऱ्या नोकराची कामं केली आणि एकदाचं त्याला घबाड सापडलं: टीव्हीवरच्या विनोदी स्पर्धेत खानदेशी बाईचं सोंग. भडक लुगडं, ताटलीएवढी नथ, किरटा आवाज, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'शे', म्हणजे अहिराणीतलं 'आहे'. "मी येते शे, तू जातो शे!" असं अख्ख्या खानदेशात कुणी बोलत नाही. पण स्पर्धेचे परीक्षक हसून खुर्चीतून पडायचे. एरवी सोनेरी कोट आणि जांभळा चष्मा घालून तो मुलाखतीत सांगायचा, "मातीशी माझी नाळ घट्ट आहे." ज्या बोलीची लाज वाटायची, ती आता विकायला चांगली होती.

गेल्या हिवाळ्यात इथे जळगावात, मेहरूणला त्याचा कार्यक्रम ठरला. त्याचा मला फोन आला, "अक्का धुळ्याहून येतेय. स्टँडवरून तेवढी घेऊन ये, मला वेळ नाही."

मी आणली. इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर. पहिल्या रांगेत ती अवघडून बसली. त्याचं माकडचाळ्यांचं सोंग बघताना तिला ते आपलंच आहे हे कळलं नाही. सगळे हसले की तीही हसायची.

मध्येच त्याने तिला स्टेजवर ओढलं. "मंडळी, ही बघा ओरिजिनल! बोल अक्का, काहीतरी बोल."

तोंडासमोर माइक, डोळ्यांवर दिवे. ती गोंधळली. त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघत तिने हळूच विचारलं, "भाऊ, तू जेवना का?" जेवलास का, एवढंच.

हशाने मंडप फुटला. त्याने कंबर हलवत तेच किरट्या आवाजात तीनदा म्हणून दाखवलं. लोक शिट्ट्या मारू लागले. अक्का कडेला उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. आता ती हसत नव्हती.

कार्यक्रमानंतर तो आयोजकांबरोबर जेवायला गेला. मी तिला स्टँडवर सोडलं. गाडी लागली, ती पायरीपाशी थांबली. मग म्हणाली, "मनं काय चुकनं रे? लोके काबर हासनात?"

मी तिला खिडकीजवळची जागा धरून दिली.

महिन्याभरात 'तू जेवना का' हे त्याचं नवं पालुपद झालं. पोरं टी-शर्टवर छापून हिंडू लागली. मध्यंतरी धुळ्याला गेलो तेव्हा अक्काकडे डोकावलो. माझ्याशी ती नेहमीसारखी अहिराणीत बोलत होती. तेवढ्यात त्याचा फोन आला. तिने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि शाळेतल्या बाईंसमोर उभी राहिल्यासारखी एकेक शब्द सावकाश मांडत म्हणाली, "नमस्कार. तुम्ही कसे आहात?"

पलीकडून तो खो खो हसला. त्याला वाटलं, अक्का नक्कल करतेय.