इल्साच्या फोनचं कुलूप

शाळेच्या स्वयंपाकघरात मोबाइल जवळ ठेवायला बंदी होती, आणि लोर्ना हेक्कीला सोडून ती सगळ्यांना लागू होती. मुख्याध्यापकांनी तिला तशी चिठ्ठीच लिहून दिली होती. तिच्या एप्रनच्या खिशात फोन असे आणि दर पाच मिनिटांनी त्यावरचा एक आकडा बदलत असे. तो तिच्या मुलीच्या, इल्साच्या, रक्तातल्या साखरेचा आकडा. इल्साच्या दंडावर बटणाएवढी चकती चिकटवलेली होती. चकती इल्साच्या फोनला आकडा सांगे, आणि इल्साचा फोन आईच्या फोनला. एकशे दहा म्हणजे ठीक. सत्तरच्या खाली म्हणजे संत्र्याचा रस. पन्नासच्या खाली म्हणजे हातातलं टाकून पळायचं.

इल्सा आठ वर्षांची असताना हे दुखणं लागलं. त्या वेळी लोर्ना जिल्ह्याच्या इस्पितळात प्रयोगशाळेत होती. कॉलेजात जीवशास्त्र शिकून मिळवलेली नोकरी होती ती, आणि ती त्या कामात चांगली होती. इल्साची शाळा तिथून बावीस मैलांवर. हिवाळ्यात त्या रस्त्यावर बर्फ काढणारा ट्रक पुढे गेल्याशिवाय गाडी घालता येत नसे. वर्षभर लोर्नाने ते सोसलं आणि मग शाळेच्या स्वयंपाकघरात जागा निघाली तेव्हा अर्ज टाकला. नवरा आर्व्हिड लोखंडाच्या खाणीत पाळ्या करणारा, कमी बोलणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, "सूक्ष्मदर्शक सोडून बटाटे सोलणार?" ती म्हणाली, बटाट्यांपासून तिचा वर्ग चाळीस पावलांवर आहे.

पुढे इल्सा वर्ग बदलत गेली, पावलं वाढली. मग ती शाळेतून बाहेरच पडली, घरी राहून जवळच्या कॉलेजात जाऊ लागली. लोर्ना मात्र स्वयंपाकघरातच राहिली. इस्पितळात परत जायचं म्हटलं तर यंत्रं सगळी बदललेली, आणि ती आता एकावन्न वर्षांची.

त्या मे महिन्यात इल्साने जेवताना जाहीर केलं की उन्हाळ्यात ती गल पॉइंटच्या लॉजवर काम करणार आहे. खोल्या साफ करायच्या, होड्या भाड्याने द्यायच्या, तिथेच राहायचं. लॉज नव्वद मैल उत्तरेला, सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या अगदी टोकावर. जूनच्या पहिल्या शनिवारी हजर व्हायचं. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

लोर्नाने मांस-बटाटा भरून भाजलेली पेस्टी ताटात तशीच ठेवली आणि विचारलं, "तिथे फोन लागतो?"

"लागतो, पण आपल्या कंपनीचा नाही. तिकडच्या एका छोट्या कंपनीचा टॉवर आहे. त्यांचं सिम घालावं लागतं." इल्साने आईकडे न बघता पुढचं सांगितलं. "आणि माझ्या फोनला आपल्या कंपनीचं कुलूप आहे. दुसऱ्याचं सिम घेत नाही तो. ते काढून घ्यावं लागेल, आणि खातं तुझ्या नावावर आहे."

लॉजवर इंटरनेट होतं, पण ते फक्त जेवणाच्या दालनात. नोकर माणसं राहायची मागच्या झाडीतल्या खोल्यांत. इल्साची झोप दगडासारखी. मार्चमध्ये तिचा आकडा झोपेत एक्केचाळीसवर गेला होता. उशाशी तिचा फोन कोकलत होता आणि ती हलली नव्हती. लोर्नाच्या फोनने लोर्नाला उठवलं, म्हणून रसाचा पेला वेळेत ओठांना लागला. झाडीतल्या त्या खोलीत फोन कोकलला तर ऐकायला कोण असणार होतं? नवा फोन घ्यावा तर चकतीशी जुळणारे फोन मोजकेच आणि महाग, महिन्याभराच्या पगाराचे.

आर्व्हिडने दुसऱ्या दिवशी एकच वाक्य टाकलं. "तिला जाऊ नको म्हणालीस तर ती जाईल, आणि फोन बंद ठेवून जाईल."

म्हणून लोर्नाने कुलुपाचं काम हातात घेतलं. प्रयोगशाळेतली सवय होती. कागदावर लिहिलेलं आधी शेवटपर्यंत वाचायचं. कंपनीचा नियम सरळ होता. फोनचे हप्ते फिटलेले असावेत, खातं नीट चालू असावं, म्हणजे मागितल्यावर कंपनी कुलूप काढून देते, एक सेंटही न घेता. हप्ते एप्रिलमध्येच संपले होते. इल्साच्या फोनवर चांदणी, चौकट, शून्य, सहा, चौकट दाबल्यावर पंधरा आकडी ओळखक्रमांक आला. तो तिने अर्जात भरला आणि आकडा न् आकडा बोट ठेवून पुन्हा ताडून पाहिला. पत्त्यावर आलेल्या मेलमधला दुवा दाबून अर्ज पक्का केला. दोन कामाच्या दिवसांत उत्तर देऊ, असं लिहिलेलं होतं.

उत्तर एका दिवसातच आलं. हा फोन पात्र नाही. का नाही ते लिहिलेलं नव्हतं.

तिने पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच. शनिवार आता दोन दिवसांवर आला होता.

"तू कशाला त्यांच्या नाकदुऱ्या काढतेस?" ट्रूडी म्हणाली. ट्रूडी स्वयंपाकघरात लोर्नाच्या शेजारच्या ओट्यावर, लोर्ना येण्याच्याही आधीपासून, अठरा वर्षं पाव भाजत होती आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर तिच्या ओळखीचा एक माणूस असे. "मॉलमधल्या त्या फोन दुरुस्तीवाल्या पोराकडे टाक. चाळीस डॉलर आणि एक दुपार. माझ्या मेहुण्याचा फोन केला त्याने."

"मेहुण्याचा फोन आता चालतो का?"

"चालतो ना. फक्त बोललेलं ऐकू येत नाही. पण त्याचं बोलणं असं किती असतं?"

लोर्नालाही हसू आलं, पण दुपारी ती खरंच मॉलच्या वाटेला लागली होती. इल्साला फोन करून सांगितल्यावर इल्सा म्हणाली, नाही. अशी छेडछाड केलेल्या फोनवर चकतीचं अ‍ॅप चालायलाच नकार देतं, तसं त्यांच्या सूचनांत लिहिलंय. आणि चोरून काढलेलं कुलूप कधी परत लागेल सांगता येत नाही. मग म्हणाली, "आई, तू कंपनीला फोन करून कारण विचार ना. कारण सांगायला ते बांधलेले आहेत. घरी ये, आपण स्पीकरवर लावू."

लोर्नाने पेट्रोल पंपावर गाडी वळवली आणि घराकडे निघाली. पात्र नाही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून तिच्या मनात जानेवारीतली एक दुपार घोळत होती. तिने ती बाजूला सारली होती. त्याचा याच्याशी काय संबंध, असं स्वतःला समजावलं होतं.

जेवणाच्या टेबलावर दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये लोर्नाचा फोन. पंचवीस मिनिटं ताटकळत फोनवरची बासरी ऐकल्यावर डेमियन नावाचा एक माणूस बोलू लागला. आवाज तरुण, घाईत नसलेला. त्याने खात्याचा गुप्त क्रमांक विचारला, पंधरा आकडे विचारले, मग बराच वेळ टकटक ऐकू आली.

"मॅडम, हा फोन आमच्याकडे हरवलेल्यांच्या यादीत आहे."

इल्सा हसली. "हरवलेला कसा असेल? माझ्या हातात आहे."

"अकरा जानेवारीला, दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी, खातेदाराने कळवलंय. दुसऱ्या दिवशी नंबर पुन्हा सुरू केलाय, म्हणून तुमचे फोन लागतात. पण नंबर वेगळा आणि फोन वेगळा. फोन सापडल्याचं कुणी कळवलेलं नाही. हरवलेल्या फोनचं कुलूप आम्ही काढत नाही."

अकरा जानेवारीला इल्सा मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेली होती. गोठलेल्या तळ्यावर लाकडी टपऱ्या उभ्या असतात, त्यांत शेगडी पेटवून बर्फाला भोक पाडून मासे धरत बसायचं. चार वाजता लोर्नाच्या फोनवरचा आकडा थांबला. तिने अकरा वेळा फोन केला. मग डोळ्यांपुढे तिला बर्फ दिसला, भोक दिसलं, आणि काळं पाणी. तिने कंपनीला फोन लावून मुलीचा फोन कुठे आहे ते विचारलं. ते आम्ही सांगू शकत नाही, असं तिकडची बाई म्हणाली. हरवला असेल तर तशी नोंद करू शकतो. लोर्ना म्हणाली होती, हो, हरवलाय, मुलगीही हरवलीय, काय वाटेल ती नोंद करा. सात वाजता इल्सा लाल नाकाने दारात उभी राहिली, हातात सहा पर्च मासे. थंडीने फोनची बॅटरी बसली होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी नंबर का बंद होता असं तिने विचारलं तेव्हा लोर्नाने सांगितलं होतं, कंपनीचा काहीतरी घोळ झाला.

इल्साने आता आईकडे पाहिलं. हसू मावळलं होतं.

"तू मी हरवले म्हणून तक्रार केलीस?"

"तुझा फोन."

"त्या दिवशी आम्ही टपरीत चौघी होतो. जेनीचा बाबा शेजारच्या टपरीत होता. तुझ्याकडे त्याचा नंबर आहे. त्याला नाही केलास, कंपनीला केलास."

खरं म्हणजे लोर्नाला जेनीच्या बाबाची आठवणच झाली नव्हती. आकडा थांबल्यावर जगात तो आकडा सोडून दुसरं काही उरलंच नव्हतं.

"आणि मला सांगितलंस कंपनीचा घोळ. पाच महिने मी ट्रूडीमावशीपर्यंत सगळ्यांपुढे त्यांच्या नावाने बोटं मोडतेय."

"मॅडम," डेमियन हळूच म्हणाला, "मी लाइनवर आहे."

ज्याने हरवल्याचं कळवलं त्यानेच सापडल्याचं सांगायचं, असं त्याने समजावलं. आणि फोन खरंच सापडलाय हे दाखवायला त्या फोनवर सहा आकडे पाठवले जातील, ते वाचून दाखवायचे. लोर्नाने सांगितलं, हो, सापडलाय. तेवढ्यात इल्साच्या हातातला फोन थरथरला.

इल्सा वाचेना. ती पडद्याकडे बघत राहिली. तिने फोन पालथा घालून ठेवला असता तर लोर्नाकडे म्हणायला काही नसतं. तिला वाटलं, आता माफी मागावी, पण डेमियन ऐकत असताना ती मागवेना. तिने फक्त हात टेबलाखाली घेतले.

"मी ही नोकरी का घेतली माहितेय?" इल्सा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच लोर्नाला जास्त भीती वाटली. "मला एकदा बघायचंय, आकडा खाली गेला तर मी स्वतः उठते का. तू येण्याआधी."

"नाही उठलीस तर?"

"म्हणून तर फोन घेऊन जातेय ना. नाहीतर कशाला एवढा खटाटोप केला असता?"

तिने सहा आकडे वाचले, सावकाश, एकेक करून. डेमियनने यादीतली नोंद काढली आणि नवा अर्ज स्वतःच घातला. दोन कामाचे दिवस, मॅडम. त्या दिवशी गुरुवार होता.

शनिवारी सकाळी इल्सा कुलूपबंद फोन घेऊन गेली. आर्व्हिडने तिला सोडलं. लोर्नाने खोक्यात रसाच्या बारा बाटल्या, ग्लुकोजच्या गोळ्या आणि सॉनातले, घरच्या वाफेच्या खोलीतले, दोन टॉवेल भरले होते. इल्साने टॉवेल काढून ठेवले, बाकीचं नेलं. गाडी निघताना ती आईच्या गळ्यात पडली, पण नेहमीपेक्षा लवकर सुटली. अर्ध्या वाटेवर, शेवटचं मोठं गाव मागे पडल्यावर, लोर्नाच्या फोनवरचा आकडा एकशे चोविसावर थांबला आणि मग तिथे दोन आडव्या रेघा आल्या.

त्या रेघा शनिवारी होत्या, रविवारी होत्या; दालनातल्या इंटरनेटलाही इल्साने फोन जोडला नव्हता. लोर्नाने लॉजच्या कचेरीत एकदा फोन केला. तिथल्या बाईने सांगितलं की इल्सा मजेत आहे आणि होड्या धुतेय. दुसऱ्यांदा फोन करायला लोर्नाने नंबर काढला आणि आर्व्हिडने तिच्या हातातून फोन न घेता फक्त तिच्याकडे पाहिलं. ती अंगणात जाऊन वाफे खणत बसली. काही पेरायचं नव्हतं.

सोमवारी दुपारी, शाळेतल्या मुलांची ताटं विसळताना मेल आला. अर्ज मंजूर. खाली पायऱ्या दिल्या होत्या: फोन इंटरनेटला जोडा, बंद करून चालू करा, नवं सिम घाला. एवढंच राहिलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हतं. इल्साला जेवणाच्या दालनात जाऊन स्वतः ते करावं लागणार होतं, किंवा करायचं नाही असं ठरवता येणार होतं. लोर्नाने मेल पुढे पाठवला. सोबत काय लिहावं कळेना. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच ठेवलं: "कुलूप निघालं. जानेवारीत मी खोटं बोलले. चूक माझी होती."

सोमवारी उत्तर आलं नाही. मंगळवारी सकाळीही नाही. ट्रूडीने कणीक मळता मळता विचारलं, अजून रेघाच का, आणि लोर्नाने मान हलवल्यावर ती पहिल्यांदाच आपल्या ओळखीचा माणूस सुचवायला विसरली.

अकरा वाजता खिशात फोन थरथरला. अनोळखी नंबर, तिकडच्या कंपनीचा.

"चालू झालं. आत्ताचा आकडा दिसेल. मागचा आलेख मी बंद ठेवलाय, तो माझा. पंचावन्नच्या खाली गेलं तर तुझा फोन वाजेल. वाजला तर आधी शेजारच्या खोलीतल्या डोरीनला लाव, मग मला. तिचा नंबर खाली आहे. पंचावन्नच्या वर असेल तर लावू नकोस, आई."

लोर्नाने संदेश दोनदा वाचला. मग अ‍ॅप उघडलं. रेघांच्या जागी आकडा आला होता: एक्क्याऐंशी. बाजूचा बाण खाली झुकलेला. चार तास आधी काय होतं, कधीपासून उतरतंय, काही कळायला मार्ग नव्हता. अकरा वर्षं तिने आकडा कधी असा एकटा पाहिला नव्हता.

तिने डोरीनचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवला. फोन ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पाच मिनिटं थांबली. सत्तर. बाण तसाच. ट्रूडीने काही न विचारता तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तिचे बटाटे स्वतःकडे ओढले. लोर्ना ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, पुढच्या पाच मिनिटांसाठी. फोन पंचावन्नला वाजणार होता, आणि अजून तो वाजला नव्हता.

मग आकडा बदलला: चौऱ्याहत्तर. कुठेतरी नव्वद मैलांवर कुणीतरी रस प्यायलं होतं, कुणी न सांगता. घंटा झाली, मुलं रांगेत येऊ लागली. लोर्नाने हात धुतले, आणि फोनकडे पाठ करून पहिल्या मुलाच्या ताटात बटाटे वाढले. दुसऱ्याच्या ताटात वाढताना मात्र तिने मागे वळून पाहिलंच.