आत्याच्या माळ्यावरचा ऊद

शांताआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबला शाळेत शिकवत होतो. मिळेल त्या एसटीनं सोनारी गाठली. आमच्याकडं माणूस गेलं की त्या जागी दिवा लावून शेजारी पीठ पसरतात आणि सकाळी पावलं पाहतात, कुठला जन्म मिळाला ते कळावं म्हणून. आत्याच्या ओसरीवर पिठात खरंच पावलं उमटली होती. म्हाताऱ्या वाकून म्हणाल्या, "मांजराचा जन्म गावला." मी आणि आत्याचा मुलगा दत्ता, आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मांजराची चार बोटं उमटतात. इथं पाच होती, नखांसकट. पावलं कुणाची ते आम्हाला ठाऊक होतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी आत्याच्या माळ्यावर धडधड सुरू झाली होती. गल्लीनं निकाल देऊन टाकला: मसण्या ऊद. स्मशानात राहणारा, कुत्र्याएवढा, ज्या घरात शिरतो तिथलं माणूस घेऊन जातो. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यापासून आत्या एकटीच, दत्ता पुण्यात नोकरीला. त्याच्या कानावर हे गेलं आणि तो जीप घेऊनच आला, घर बंद करून आईला न्यायला. तिची समजूत घालायला मलाही बोलावलं. आत्या हट्टी, आणि हट्ट करतानाही शांत असायची. त्याचा मला फार राग यायचा.

"तू बघितलंस व्हय त्याला?" तिनं दत्ताला विचारलं.

"लोकांनी बघितलंय की. कुत्र्याएवढं हाय म्हनं."

"शेपूट धरून मोजलं आसंल. चढ शिडीवर."

भर दुपार होती. आम्ही दोघंही चढलो. कोपऱ्यात उघड्या खिडकीखाली भाकरीची जुनी दुरडी होती आणि तिच्यात ते जनावर वेटोळं करून गाढ झोपलेलं. अंग हातभर, शेपूटही जवळजवळ तेवढंच, तरी सगळं त्या दुरडीत मावलं होतं. आखूड काळे पाय, राखाडी राठ केस, पाठीवर पुसट पट्टे, डोळ्यांखाली पांढरट ठिपका. वजन फार तर एखाद्या धष्टपुष्ट बोक्याएवढं. माळ्यावर आंबेमोहोर भात शिजल्यासारखा वास येत होता.

खाली उतरल्यावर दत्ता म्हणाला, "एवढुसंच हाय की."

"मग? पपया खातंय अन् झोपतंय. त्याला माझी भीती न्हाय, मला त्याची न्हाय. एवढ्यासाठी माझं घर बंद करतोस व्हय?"

जीप रिकामी परत गेली. दत्ता बरेच दिवस तिच्याशी नीट बोलला नाही. आत्या मात्र शेवटपर्यंत तिथंच राहिली, स्वतःच्या ओसरीवर गेली. मला त्याचं बरं वाटतं, हे सांगूनच टाकतो.

तेरावं झालं. दत्तानं भांडी वाटली, गॅस काढला, मेन स्विच बंद केला. निघता निघता मी विचारलं, "माळ्याची खिडकी लावून घेऊ का?"

तो चपला पायात सरकवत होता. "राहू दे," म्हणाला, "घर बंद करायचं न्हाय म्हनली होती ती."

आणि त्यानं पुढच्या दाराला कुलूप लावलं.