दादाची पिकअप सुरू होईना

दादा गेल्यावर तीन दिवस मी प्रार्थना केली नाही. आम्ही वसईचे ख्रिस्ती. लहानपणी संध्याकाळची जपमाळ चुकवली तर आई ताट वाढत नसे. पण शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या खोलीत, शेजारच्या पलंगावर माझा थोरला भाऊ छातीत कळ येऊन गेला, आणि मी ज्याचा धावा करत होतो त्याने काही ऐकलं नाही. मी देवावर रुसलो होतो म्हणणं फार सौम्य होईल. मी संतापलो होतो.

कागदपत्रं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शवागारात पेटी बंद करणार होते आणि दुपारच्या विमानाने मी दादाला घरी नेणार होतो. आईने फोनवर एवढंच मागितलं, "झाकण लावायच्या आधी त्याच्या हातात माळ तूच ठेव. परक्याच्या हाताने नको रे." मी हो म्हटलं, माळ खिशात घातली. पण त्या रिकाम्या पलंगाशेजारी झोपणं जमेना. दादा हमरियातल्या ज्या कारखान्यात कामाला होता, तिथली जुनी डिझेल पिकअप त्याच्या ताब्यात असे, ती काढून मी रास अल खैमाच्या पुढे जेबेल जैसच्या डोंगरावर गेलो. देवाला चार शब्द सुनवायचे होते. सुनवता सुनवता रडलो आणि गाडीतच डोळा लागला.

पहाटे दात वाजायला लागले तेव्हा जाग आली. एवढी वर्षं उन्हात काढलेल्या माणसाला इथेही थंडी असते हे खरं वाटत नाही. काचेवरचं दव गोठलं होतं, बोटं वळत नव्हती. किल्ली फिरवली. इंजिन खोकल्यासारखं करून गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मी जात्याच घाईचा. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग" असं म्हणून दादा मला कायम चिडवायचा. त्या पहाटे मी तसाच किल्लीवर किल्ली मारत राहिलो, शेवटी बॅटरीही नुसती टक् करून थांबली. गाडी ओढून नेणारा फोनवर म्हणाला, "दो घंटा लगेगा, इन्शाल्ला." नऊच्या आत शवागार गाठायचं तर तेवढा वेळच नव्हता. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. भावाला वाचवू शकलो नाही, आता आईचा एक शब्दही पाळता येणार नव्हता.

तेवढ्यात खालून पाण्याचा टँकर चढत आला. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. पिकलेल्या दाढीचा एक पठाण ड्रायव्हर उतरला. मी घाईघाईने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, म्हणाला, "भाई, पहले नमाज. वक्त निकल जाएगा." आणि रस्त्याच्या कडेला चटई अंथरली. मी आत जळत उभा होतो. माझा भाऊ तिकडे पडलाय आणि ह्याला प्रार्थना सुचतेय, असं मनात आलं. लाज वाटते, पण आलं.

उठल्यावर त्याने गाडीत डोकावून पाहिलं. डॅशबोर्डवर दादाने वेलंकणी मातेचं छोटं चित्र चिकटवलं होतं. त्याने विचारलं, "इसके नीचे क्या है?" मला माहीत नव्हतं. "माँ की तस्वीर है, आप ही हटाओ," तो हात मागे घेऊन म्हणाला. मी चित्र अलगद सोडवलं. खाली स्प्रिंगच्या आकाराचा एक दिवा होता. किल्ली अर्धी फिरवताच तो पिवळा पेटला, बॅटरीत तेवढा जीव उरला होता. इंजिन आतून तापतंय, हा विझेपर्यंत किल्ली मारायची नसते, असं त्याने समजावलं. "हमारे चित्राल में बर्फ पड़ती है, बच्चा भी जानता है. यहाँ गर्मी में कोई नहीं देखता." दादालाही तो कधी लागला नव्हता. ह्या मुलखात निरुपयोगी म्हणूनच त्याने नेमक्या त्या दिव्यावर मातेला जागा दिली असणार.

त्याने मला तीनदा तो दिवा पेटवून विझू द्यायला लावला. माझा हात शिवशिवत होता. "सबर," तो म्हणायचा. मग उतारावर गाडी सोडली, तो मागून ढकलू लागला, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. एक जोराचा हिसका बसला, काळा धूर निघाला आणि इंजिन धडधडू लागलं. बंद पडेल म्हणून थांबता येईना. आरशात तो निघ निघ म्हणून हात हलवत होता, "यल्ला, यल्ला!" त्याचं नावही मी विचारलं नाही.

नऊला पाच मिनिटं असताना पोहोचलो. दादाची बोटं ताठ झाली होती, माळ घसरत होती. मी घाई केली नाही. एकेका बोटात गुंफत गेलो आणि तीन दिवस अडलेली प्रार्थना आपोआप ओठांवर आली.

आईला फोन केला. तिने विचारलं, "हात गार होते का रे?"

"हो, आई."

"मग जरा वेळ धरलास ना?"

"धरला."

ह्याला मी चमत्कार म्हणत नाही. दादा गेला तो गेलाच, आणि का, ते मला आजही कळलेलं नाही. पण ज्याच्याशी मी भांडत होतो त्याने माझं भांडण मनावर घेतलं नाही, एवढं मात्र कळलं. मी मागितलं ते त्याने दिलं नाही. आईने मागितलं ते माझ्याच हातून करवून घेतलं. आता रोज संध्याकाळी दादासाठी प्रार्थना करतो आणि मग त्या पठाणासाठी. नाव माहीत नाही म्हणून अडत नाही. ज्याने त्याला पाठवलं, त्याला ते ठाऊक आहे.